जावयाची गादी

खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनी मला पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, आडनावसुद्धा विचारलं नाही. दारातच उभं करून म्हणाल्या, "तुझी उशी किती वर्षांची आहे?"

आता उशीचं वय कुणी लक्षात ठेवतं का? मी म्हणालो, "असेल दोन-तीन वर्षांची." खरं तर ती उशी मला वडिलांनी वसतिगृहात जाताना दिलेली, आणि त्यांच्याकडं ती कुठून आली हे त्यांनाही आठवत नव्हतं.

"खोटं बोलतोयस," बाई म्हणाल्या. "तुझं नाक सांगतंय."

आणि काय सांगू, नेमका तेव्हाच मी शिंकलो. एक नाही, ओळीनं पाच-सहा. बाईंनी शांतपणे सगळ्या शिंका होऊ दिल्या, मग म्हणाल्या, "खोली वर आहे. उशी खालीच ठेवायची. ती मी जाळणार आहे." अशा रीतीनं बारामतीत मला घर मिळालं आणि माझी वडिलोपार्जित म्हणावी अशी एकमेव मिळकत बंबात गेली.

बाई म्हणजे मुलींच्या शाळेतल्या निवृत्त विज्ञान शिक्षिका. कालव्याच्या पलीकडं त्यांचं घर होतं, खाली त्या एकट्या, वर दोन खोल्या भाड्याला. अंगानं काडी, केस पांढरेशुभ्र, अंगावर कायम धुऊन धुऊन रंग उडालेलं सुती लुगडं. लहानपणापासून त्यांना दमा होता आणि त्याची त्या लाजही बाळगत नव्हत्या, तक्रारही करत नव्हत्या. म्हणायच्या, "दमा हा माझा भाऊच समज. माझ्याबरोबर जन्मला, माझ्याबरोबर जाईल. पण घरात त्याला मी माजू देत नाही." तोंडात फवारा मारायचा पंप त्यांच्या कापडी पिशवीत धुतलेल्या रुमालात गुंडाळलेला असायचा. दमा माजू नये म्हणून त्यांनी जो बंदोबस्त केला होता, त्यात आम्ही भाडेकरू फुकटचे भरडले जात होतो.

त्यांचा सगळा राग झोपायच्या खोलीवर होता. बाकीचं घर इतरांसारखंच. बाहेरच्या खोलीत बुद्धांची तसबीर, पुस्तकांचं कपाट, टेबलावर पेपरांची चळत. पण झोपायच्या खोलीत पाऊल टाकलं की आपण रिकाम्या गोदामात आलो की काय असं वाटावं. मधोमध लोखंडी खाट, चारी भिंतींपासून लांब. एक पातळ गादी, तिला रेक्झिनची खोळ. एक उशी, तिलाही तसलीच खोळ. संपलं. भिंतीवर कॅलेंडर नाही, खिडकीला पडदा नाही, खुंटीवर टॉवेलसुद्धा नाही. "झोपायच्या खोलीत फक्त झोपायचं," त्या म्हणायच्या. "वस्तू आली की तिच्या मागं धूळ मुक्कामाला येते."

हाच कायदा वरच्या खोल्यांनाही लागू होता. कोरडा झाडू वापरायला बंदी, फक्त ओलं फडकं. "झाडू मारणं म्हणजे निवांत बसलेल्या धुळीला उठवायचं आणि स्वतःच्या नाकात बसवायचं." चादरी दर रविवारी उकळत्या पाण्यात. गादी खोलीपुढच्या गच्चीवर कडक उन्हात, दोन्ही बाजूंनी, भाकरी भाजतात तशी. रेक्झिनची खोळ मलाही सक्तीची. बारामतीचा उन्हाळा, वर पत्रा आणि खाली रेक्झिन! सकाळी उठताना पाठीचा आवाज व्हायचा. कूस बदलली की खोळ कुरकुर करायची आणि खालून बाई विचारायच्या, "झोप लागत नाही का रे?"

सगळ्यात अवघड कायदा वेगळाच होता. उठल्या उठल्या अंथरूण घडी करायचं नाही. रात्रभर अंगाची वाफ अंथरुणात मुरते, ती लगेच गुंडाळून ठेवली की आतल्या किड्यांना आयतं पाणी मिळतं, असं बाईंचं म्हणणं. म्हणून दहा वाजेपर्यंत अंथरूण उघडं, विस्कटलेलं, वाऱ्यावर. लोणी भापकरहून एकदा माझी आई आली. सकाळी नऊ वाजता पसरलेलं अंथरूण बघून तिनं घाबरून विचारलं, "कोन आजारी हाय रं?" मी काही सांगायच्या आत तिनं घडी घातली. बाई वर आल्या, त्यांनी घडी मोडली. बाई खाली गेल्यावर आईनं पुन्हा घातली. दुपारपर्यंत असं चाललं होतं आणि मी, एका आईचा मुलगा आणि एका बाईंचा भाडेकरू, दोघींच्या मधे उभा राहून पेपर वाचत होतो. एकच पान.

किडे म्हणजे उशीत ढेकूण असतात तसले नव्हेत. डोळ्यांना दिसतच नाहीत. बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेनं शाल-श्रीफळ दिलं. बाईंनी भर सभेत शाल परत केली. "लोकर आहे. हिला मी ठेवू कुठं? त्यापेक्षा प्रयोगशाळेतला तो स्क्रू गेलेला सूक्ष्मदर्शक द्या." शाळेनं तो आनंदानं दिला, नाहीतरी तो भंगारातच निघाला होता. जाळण्याआधी माझ्या उशीतून काढून ठेवलेली चिमूटभर धूळ त्याच्याखाली ठेवून बाईंनी मला वाकायला लावलं. आधी काहीच दिसेना. मग एक पारदर्शक गाठोडं दिसलं, त्याला पाय होते, आणि ते चाललं होतं.

"तुझ्या अंगाचा कोंडा खातात," बाई म्हणाल्या. "चावत नाहीत बिचारे. पण त्यांची जी घाण असते ती श्वासात गेली की नळ्या आवळतात. मला वर दोनच खोल्यांचे भाडेकरू, तुझ्या उशीत बघ किती ठेवलेस. तेही फुकट."

मी दूध डेअरीत प्रयोगशाळेत कामाला होतो. एमआयडीसीत रोज हजारो लिटर दूध यायचं आणि दुधात कुणी काय मिसळलंय हे मी नुसत्या वासावरून सांगायचो. या गोष्टीचा मला फार गर्व होता. आणि त्याच नाकाखाली मी इतकी वर्षं हे प्राणिसंग्रहालय घेऊन झोपत होतो.

पण मी बाईंच्या घरी का आलो, ते सांगायचं राहिलंच. माझी अडचण अशी होती की माझ्या बायकोला मी मानवत नव्हतो.

हे माझं म्हणणं नाही. इंदापूर तालुक्यात हे सगळ्यांना माहीत होतं. लग्न होऊन ती बारामतीला आली आणि महिनाभरात तिला धाप लागायला लागली. पहाटे उठून बसायची, छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टर म्हणाले, "धुळीपासून लांब ठेवा." आमची तेव्हाची खोली एमआयडीसीच्या रस्त्यावर, समोरून ट्रक जायचे. धूळ म्हणजे रस्त्यावरची, ही माझी विद्वत्ता. मी खिडक्या बंद केल्या, फटीत पोत्याचे तुकडे कोंबले, लग्नात आलेले दोन जाडजूड पडदे लावले. खोलीची डबी केली आणि डबीत बायको ठेवली. आत काय होतं? आमचे सासरे, म्हणजे आबा, यांनी लग्नात दिलेली गादी. चार जुन्या गाद्यांचा कापूस पुन्हा पिंजून केलेली एक. पुढं बाईंनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी हात जोडले. "म्हणजे चार घरांतले किडे एका चाळीत आणलेस की!"

बायकोचं दुखणं वाढलं. आबा आले, तिला घेऊन गेले. निमगाव केतकीच्या फाट्यावरून आत त्यांचं गाव, कालव्याच्या पाण्यावर डाळिंबाची बाग. तिथं गेली आणि आठ दिवसांत टुणटुणीत झाली. आबा म्हणाले, "बारामतीचं पानी मानवत न्हाय पोरीला." इथवर ठीक होतं. पण मी शनिवारी भेटायला गेलो आणि त्याच रात्री तिला धाप लागली. रविवारी मी परत आलो, मंगळवारी ती बरी. पुढच्या वेळी गेलो, पुन्हा तेच. तिच्या आत्यानं ओसरीवर बसून सगळ्यांसमोर निकाल दिला, "पानी न्हाय बाई, पाव्हनंच मानवत न्हाईत."

तुम्ही हसाल. मीही आता हसतो. पण तेव्हा रडू यायचं. आरशात बघून मी विचार करायचो, माझ्यात असं काय आहे? साबण बदलला. डोक्याला तेल लावणं सोडलं. डेअरीतून आल्यावर दोनदा आंघोळ करून, हात वर करून स्वतःचाच वास घ्यायचो. बायको माझी मला फार आवडायची हो. सगळं लग्न म्हणजे पाच-सहा महिन्यांचं, त्यातले निम्मे दिवस ती खोकत होती, तरी मधेच श्वास मिळाला की माझी नक्कल करून दाखवायची. तिला परत आणायचं एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. चांगल्या वस्तीत खोली घ्यावी, ट्रकचा रस्ता नको, म्हणून मी कालव्यापलीकडं आलो आणि बाईंच्या तावडीत सापडलो.

माझी कहाणी ऐकून बाई म्हणाल्या, "तिला आणायचंय ना? मग आधी तिला आणण्यासारखी खोली कर."

लग्नातली गादी तर त्यांनी पहिल्याच आठवड्यात हद्दपार केली. राहिल्या गोधड्या, चार. गोधडी उकळायची तर तेवढं भांडं कुणाकडं असतं? बाईंनी एक दिवस विचार केला आणि कालव्याच्या खालच्या बाजूच्या गुऱ्हाळात मला घेऊन गेल्या. गुऱ्हाळवाल्याची बायको त्यांची जुनी विद्यार्थिनी, आणि बाईंचं मुकाट ऐकायची सवय तिला शाळेपासूनच. गुळाचा हंगाम संपत आलेला. ज्या काहिलीत उसाचा रस उकळतात, त्या काहिलीत पाणी भरून माझ्या गोधड्या सोडल्या. खालून चिपाडांचा जाळ. गुऱ्हाळवाला लांब दांड्याच्या फावड्यानं ढवळतोय, बाई पदर नाकाला लावून "अजून, अजून" म्हणतायत आणि मी कडेला उभा. येणारे-जाणारे विचारत होते, "काय शिजतंय?" मी म्हणायचो, "काही नाही, अंथरूण."

काहील त्यांनी घासली होती म्हणे. कुठली घासतायत! माझ्या गोधड्या वाळल्या तेव्हा उभ्या केल्या तर उभ्या राहत होत्या. शिवणी-शिवणीत काकवी मुरलेली. पहिल्या रात्री मला गोड वास आला, दुसऱ्या रात्री मुंग्या आल्या. काळ्या आल्या, लाल आल्या, कुठून कुठून पाहुण्या आल्या. सकाळी माझा एक डोळा सुजून बंद. बाईंनी गोधडीचा धागा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, बराच वेळ बघितला आणि समाधानानं म्हणाल्या, "एकही किडा जिवंत नाही. मुंग्या आहेत, पण मुंग्यांनी दमा होत नाही."

मग उरल्या उशा. डेअरीत शीतगृह आहे हे त्यांना कळलं, तेव्हा त्यांचे डोळेच चमकले. थंडीनं किडे मरतात, तर रात्रभर नवीन उशा तिथं ठेव, म्हणाल्या. मी म्हणालो, "बाई, नोकरी जाईल माझी." त्या म्हणाल्या, "बायको गेलीच आहे, नोकरी राहून काय करणार?" पण या एका बाबतीत मी नमलो नाही. माझा बाणेदारपणा आयुष्यात एवढाच.

खोली तयार झाली. आणायला निघालो तर बाईंनी जिन्यातच अडवलं. "एक सांग. ती माहेरी झोपते कुठं?"

मी पायातली चप्पल नीट केली.

"नवरा ना तू तिचा?"

"हो."

"आणि तुला माहीत नाही?"

मी म्हणालो, "मी जातो तेव्हा आम्ही आतल्या खोलीत झोपतो." एवढं सांगताना मी लाजलो. बाईंनी माझ्या लाजण्याकडं ढुंकून पाहिलं नाही. "आणि तू नसतोस तेव्हा?" ते मला खरंच ठाऊक नव्हतं. त्या शनिवारी जाऊन मी बायकोला विचारलं. ती आधी संशयानं माझ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, "अंगणात. आईजवळ, बाजेवर. का वो?"

हे सांगितल्यावर बाईंनी पुढचा प्रश्न टाकला. "तू गेलास की तुला अंथरायला काय देतात?"

आता माझी छाती फुगली. जावयाचा मान हो! मी वर्णन करून सांगितलं. मी फाट्यावर उतरल्याची वर्दी मिळाली की आबा स्वतः माळ्यावर चढतात. एरवी तिथं फक्त माझ्यासाठी ठेवलेली गादी असते, ही एवढी जाड, चादरीत बांधलेली. ती खाली ओढतात. आतल्या खोलीत नेऊन काठीनं झोडपतात, म्हणजे मऊ होते. दोन लोड येतात, दाराला पडदा लागतो. ती गादी घरात दुसरं कुणी वापरत नाही, पोरांना तर हातही लावू देत नाहीत.

बाई पायरीवर खाली बसल्या. मला वाटलं धाप लागली. पण त्या हसत होत्या. "अरे बाबा, तू तिला मानवतोस. तुझा मान तिला मानवत नाही."

मला वाटलं, सुटलो. केवढी सोपी गोष्ट! पुढच्या शनिवारी गेलो आणि आबा माळ्याच्या शिडीला हात लावतायत तोच मी म्हणालो, "आबा, गादी नको. मला चटई टाका."

सासूबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आत्यानं कपाळाला हात लावला. जावयानं गादी नाकारली, म्हणजे जावई रुसला, याला दुसरा अर्थच नाही. मी सांगत राहिलो, "आबा, तसं काही नाही, धुळीत किडे असतात, बारीक, दिसत नाहीत." झालं! म्हणजे आमच्या घरात किडे आहेत? सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. आबा मला बाजूला, गोठ्याकडं घेऊन गेले आणि खाली बघत हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, आडपडदा ठेवू नगा. गाडी पायजे का? कंची पायजे ते सांगा."

एमआयडीसीत माझ्याबरोबरचे सगळे मोटारसायकलवर यायचे आणि मी सायकलवर, हे आबांच्या मनाला लागून राहिलं होतं. मी शपथा घेतल्या. जितक्या शपथा घेतल्या तितकी आबांची खात्री पटत गेली. आणि रुसवा काढायचा म्हणून त्या रात्री त्यांनी मला एक सोडून दोन गाद्या अंथरल्या, एकीवर एक. शेजारच्या घरच्या जावयाची गादी उसनी आणली होती. बायको बिचारी आत आली, तिनं त्या डोंगराकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. सकाळी तिला गाडीत घालून इंदापूरला दवाखान्यात न्यावं लागलं.

ती बरी झाली. पण आबा मला दवाखान्याच्या पायरीवर म्हणाले, "पोरगी आता हितंच ऱ्हाईल. म्होरं काय ते चार मान्सं बसून ठरवू. तुमी मोकळं व्हा, आमाला बी मोकळं करा." आवाज चढवला असता तर मी भांडलो असतो. पण ते इतक्या दमलेल्या आवाजात बोलले की भांडायचं राहूनच गेलं. ती आत सलाइन लावून पडलेली, मला आत जाऊ दिलं नाही. जावई जवळ गेला की तिला त्रास होतो, अशी आता दवाखान्यातल्या नर्सचीसुद्धा समजूत होती.

बारामतीला येऊन मी बाईंसमोर ढसाढसा रडलो. सव्वीस वर्षांचा घोडा! बाईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "चार माणसं कधी बसणार आहेत? त्याच्या आधी आपण जायचं."

मला वाटलं त्या आबांना सूक्ष्मदर्शक दाखवणार. मी तो कपड्यात गुंडाळून एसटीसाठी तयार ठेवला. बाईंनी तो परत टेबलावर ठेवायला लावला. "पाहुणी म्हणून जायचं आणि तुमच्या घरात किडे आहेत म्हणून दाखवायचं? एकदा सांगून पाहिलंस ना तू? दुधातलं पाणी ओळखतोस, माणसांचं कधी ओळखणार?"

आम्ही संध्याकाळी पोचलो. "जयभीम, बाई," आबा उठून उभे राहिले. माझ्या घरमालकीण, शाळेतल्या बाई म्हटल्यावर ओटा झाडला गेला, चहा आला. बाईंनी गादीचं नाव काढलं नाही. डाळिंबाच्या बागेबद्दल विचारलं, तेल्या रोगाबद्दल विचारलं, सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल विचारलं. माझी बायको दाराआड उभी होती. तिला त्यांनी जवळ बोलावून शेजारी बसवलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तिचा श्वास कसा चाललाय ते नुसत्या तळव्यानं बघितलं. अंधार पडायला लागला तसे आबा उठले आणि माळ्याच्या शिडीकडं निघाले. रागावलेले असले तरी जावई घरात आहे म्हटल्यावर मान चुकवायचा नाही, हा माणूस तसा होता.

"आबा," बाई म्हणाल्या, "एक बोलू? गादी मला टाका. मी वयानं मोठी, पहिल्यांदा आलेली. जावई काय, घरचाच आहे. त्याला अंगणात चटई टाका."

आबा थबकले. मग त्यांचा चेहरा उजळला. अडचण सुटली होती! कुणाचाच अपमान नाही, मान मोठ्या पाहुणीला, आणि जावयानं मागितलेली चटई जावयाला. "व्हय बाई, तुमचाच मान," म्हणत ते माळ्यावर चढले.

मी मात्र गार पडलो. बाईंना त्या गादीवर! मी तोंड उघडणार एवढ्यात बाईंनी माझ्या पायावर पाय दिला, चांगला टाचेनं. आत गादी आपटल्याचा, मग काठीनं झोडपल्याचा आवाज यायला लागला. बायको माझ्याकडं बघत होती. तिला बाईंच्या दम्याचं मी आधीच सांगितलेलं होतं. बाई पिशवी उचलून आत गेल्या आणि त्यांनी पडदा लावून घेतला.

मला झोप लागली. हे सांगायला मला लाज वाटते, पण चटईवर, उघड्यावर, बायको चार हातांवर तिच्या आईजवळ बाजेवर निजलेली, इतक्या दिवसांनी तिचा शांत श्वास ऐकू येतोय, मला गाढ झोप लागली.

जाग आली ती आरडाओरड्यानं. फटफटलं होतं. बाई ओट्यावर बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून, खांदे कानांपर्यंत चढलेले. ओठ काळेनिळे. छातीतली शिट्टी अंगणापर्यंत ऐकू येत होती. माझी बायको त्यांना पाठीमागून धरून बसली होती आणि मुठीनं त्यांची पाठ चोळत होती. आबा पहाटे वीज आली म्हणून बागेला पाणी द्यायला गेलेले, ते चिखलाच्या पायांनी पळत आले.

"बाई! आवो हे काय झालं? आमचं पानी मानवलं न्हाय का?"

बाईंनी एक बोट वर केलं. शाळेत वर्ग गप्प करायला करत असतील तसं.

"आबा," त्या म्हणाल्या, आणि मधे थांबून श्वास ओढला. "मी काही... तुमचा... जावई नाही."

मग त्यांनी मूठ उघडली, त्यातला पंप तोंडाला लावला आणि डोळे मिटले.

पहिल्यांदा सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडं बघितलं, मग लेकीकडं. लेक ओट्यावर बसली होती, रात्रभर मी त्याच अंगणात होतो, आणि तिचा श्वास एकदम साफ. ती आबांना म्हणाली, "आबा, मला काय बी झालं न्हाय. आन् हे तर हितंच हायत." आबांनी माझ्याकडं बघितलं. मग ते आत गेले आणि ती गादी एकट्यानं ओढत, अंगणातून, गोठ्यावरून, पार बांधापलीकडं घेऊन गेले. बराच वेळ परत आले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते. माझ्या बायकोसमोर उभे राहून म्हणाले, "पोरी, मला वाटलं गं मी मान ठेवतोय." आणि मग मला, "जावईबापू, तिला घिऊन जा."

दुपारच्या एसटीनं आम्ही तिघं निघालो. बाई पुढच्या सीटवर खिडकीशी, आता जरा बऱ्या, पण थकलेल्या. मागं मी आणि बायको. निमगाव सुटल्यावर बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुमाला ठावं हाय का? पंप त्यांच्या हातातच होता. पहाटं उठून बसल्या तवापासनं मुठीत. मी म्हनलं, घ्या की वो. तर मान हलवली. 'आबा येऊ देत,' म्हनल्या. त्यांनी बघायला पायजे, म्हनल्या."

आबांना बागेतून यायला किती वेळ लागला असेल, ते मी विचारलं नाही. मला समोरचा तो पांढरा अंबाडा दिसेनासा झाला. मी खिशातून रुमाल काढला, डोळ्यांना लावला आणि आवाज होऊ नये म्हणून तोंड दाबून धरलं.

बाईंनी मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

"रुमाल कधी धुतलायस?" त्या म्हणाल्या.